रेव्हरंड टिळकांची श्रद्धा

एखाद्या माणसाने धर्म बदलला की आपल्या समाजात पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की त्याला मिळाले काय? नोकरी, पैसा, साहेबाची मर्जी, की आणखी काही? हा प्रश्न नेहमीच दुष्टपणाने विचारला जातो असे नाही. फायद्यासाठी देव बदलणारी माणसे सर्व काळी झाली आहेत, आणि धर्म न बदलता फायद्यासाठी देव पुजणारी त्याहून अधिक. तेव्हा खरी श्रद्धा कोणती आणि दिखाऊ कोणती, ही पारख करण्याची गरज प्रत्येक धर्मात पडते. ख्रिस्ती धर्मात तर ती पहिल्यापासून सांगितलेली आहे. झाडाची ओळख फळावरून करावी, अशी येशूची शिकवण आहे. पेरणाऱ्याच्या दृष्टांतात खडकाळ जागी पडलेले बी सर्वांत लवकर उगवते. पण मुळाला ओल नसल्यामुळे उन्हाचा ताप लागताच करपून जाते. म्हणजे किती लवकर उगवले याला महत्त्व नाही. ऊन लागल्यावर काय झाले, ते पाहायचे.

या दृष्टीने पाहण्यासारखे एक चरित्र आपल्या मराठीत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव मराठी घरांतून कुणाला परके नाही. ‘केवढे हे क्रौर्य’ आणि ‘वनवासी फूल’ या कवितांमुळे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना ते ठाऊक झाले. परंतु कवी टिळक जितके ठाऊक आहेत तितके भक्त टिळक ठाऊक नाहीत. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला एवढे सांगून आपण पुढे जातो. त्या स्वीकारानंतरची चोवीस वर्षे त्यांनी कशी काढली, हे पाहिल्याशिवाय त्यांच्या श्रद्धेविषयी काही बोलणे अन्यायाचे होईल.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. आई जानकीबाई मायाळू आणि काव्याची आवड असलेली. पण ती मुलाच्या लहानपणीच गेली आणि पोर घरापासून तुटले. नाशिकला येऊन त्याने गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन केले. थोडे इंग्रजीही शिकला. १८८० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले यांची मुलगी मनकर्णिका हिच्याशी त्याचे लग्न झाले. मुलगी अकरा वर्षांची. तिचे माहेर कमालीच्या कडक सोवळ्याओवळ्याचे. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले.

संसाराला लागलेले टिळक एका जागी मात्र कधी टिकले नाहीत. शिक्षक झाले, कीर्तने केली, पुराणे सांगितली, व्याख्याने दिली. कविता तर सतत चालूच होती. १८९१ मध्ये ते नागपुरास गेले. तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले, आणि ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी काढले. या काळात त्यांच्या मनाला एकच ध्यास लागलेला होता. आपल्या देशाचे पुनरुज्जीवन कशाने होईल? जातीजातींत चिरफाळलेला समाज एकत्र कसा येईल? देव सर्वांचा पिता असेल तर माणसामाणसांत हा विटाळ कुठून आला? रूढ आचारांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता, पण देवावरचा उडाला नव्हता. स्वतःच एखादा नवा पंथ काढावा, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

१८९३ मध्ये राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळाली म्हणून ते आगगाडीने तिकडे निघाले. डब्यात एक गोरे गृहस्थ भेटले. ते अर्नेस्ट वॉर्ड नावाचे मिशनरी होते. बोलणे कवितेवरून निघाले आणि धर्मावर आले. निरोप घेताना वॉर्ड यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते बोलणे त्या वेळी रुचले नाही. पण पुस्तक वाचण्याचे कबूल केले होते, म्हणून वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले आणि तेथून त्यांना पुढे जाववेना. ज्या प्रश्नांची उत्तरे ते इतकी वर्षे शोधत होते ती तेथे सापडली, असे त्यांना वाटले. पुढची दोन वर्षे वाचन, विचार आणि पत्रव्यवहार यांत गेली. ख्रिस्ती नियतकालिकाशी पहिला पत्रव्यवहार त्यांनी नाव न देता केला. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. घरी कुणाला आधी सांगितले नव्हते. पत्नीलाही नाही.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. मिळाले काय? बायको आणि चार वर्षांचा मुलगा दुरावले. आप्तांनी संबंध तोडले. जातीबाहेर गेलेल्या माणसाला त्या काळी मित्राच्या घरी पाणीही मिळत नसे. अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, अमेरिकन मिशनच्या धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवण्याचे काम मिळाले आणि साधा निर्वाह होऊ लागला, हे खरे. परंतु जो माणूस संस्कृताचा पंडित, वक्ता आणि कवी म्हणून नागपुरात नाव मिळवीत होता, त्याला पोट भरण्यासाठी धर्म बदलण्याची गरज नव्हती.

तथापि एवढ्यावरून श्रद्धा सिद्ध झाली असे मी म्हणणार नाही. त्याग हाही कधीकधी क्षणाचा आवेश असतो. आवेशात माणसे घर सोडतात, आणि वर्षभराने त्यांना घराची आठवण येते. गाणे शिकवताना हे रोज दिसते. चढा षड्‌ज जोर लावून कुणीही लावतो. तीन तास गाऊन झाल्यावर, घसा थकलेला असताना, गाणारा खालच्या षड्‌जावर परत आला तर तो तंबोऱ्यात मिळतो की नाही, हे जाणकार ऐकतात. टिळकांनी १८९५ मध्ये लावलेला सूर १९०० मध्ये, १९१० मध्ये आणि १९१७ मध्ये कुठे होता, हे तसेच ऐकले पाहिजे.

पहिली कसोटी घरातच लागली. बातमी कळताच लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत, आणि नाते मात्र मेल्यासारखे. त्या लहान दत्तूला घेऊन नातलगांच्या आश्रयाने नाशिक, पंढरपूर अशा ठिकाणी राहिल्या. नवऱ्याने आपल्याला न विचारता एवढे मोठे पाऊल टाकले, ही त्यांची तक्रार रास्त होती, आणि टिळकांच्या चरित्रातील ही बाजू कुणी झाकू नये. पुढे टिळकांनी काय केले ते पाहावे. त्यांनी पत्रे लिहिणे सोडले नाही. पत्नीला आपल्या धर्मात ओढण्याचा हट्ट धरला नाही. सुमारे साडेचार वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या त्या हिंदू म्हणूनच आल्या. त्यांचे सोवळे, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे पाणी वेगळे राहिले, आणि टिळकांनी ते राहू दिले. ज्या आचारांना ते स्वतः मानत नव्हते त्यांची सोय त्यांनी पत्नीसाठी केली. नव्या मताचा माणूस घरच्यांशी बहुधा असा वागत नाही. त्याला आपले म्हणणे ताबडतोब पटवून द्यावयाचे असते.

लक्ष्मीबाईंचे मन फिरले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने. जन्मभर विटाळाच्या भीतीत वाढलेल्या त्या बाईने एके रात्री मनाशी हिशेब केला, की देवाने स्त्री आणि पुरुष केले, जाती मात्र माणसांनी केल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या कुणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर झाला. टिळकांच्या बाप्तिस्म्यास तेव्हा सुमारे पाच वर्षे होऊन गेली होती. वादात हरल्यामुळे त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत. आधी नवऱ्याचे वागणे त्यांनी जवळून पाहिले होते.

आणि त्यांचे पाहणे आंधळे मुळीच नव्हते. लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले असेल. १९३४ पासून ते प्रसिद्ध होऊ लागले, आणि आत्मचरित्रात त्याच्या तोडीचे पुस्तक मराठीत क्वचितच झाले आहे. त्या पुस्तकातले टिळक संत नाहीत. ते तापट आहेत, विसराळू आहेत. हातात पैसा आला की दारी आलेल्याला देऊन मोकळे होतात, आणि संध्याकाळी चूल कशी पेटणार याची चिंता बायकोवर सोडतात. एक वस्तू आणावयास जातात आणि भलतीच घेऊन येतात. ख्रिस्ती होण्यापूर्वी त्यांचा जो स्वभाव होता तो ख्रिस्ती झाल्यावरही बराचसा तसाच राहिला. श्रद्धेने स्वभाव पालटतो अशी आपली कल्पना असते, आणि भक्ताचा राग दिसला की आपण त्याची भक्ती खोटी ठरवतो. टिळकांच्या बाबतीत असे दिसते की राग आला तरी तो टिकत नसे, आणि चूक कळली की कबूल करण्यास वेळ लागत नसे. ज्या स्त्रीने या माणसापायी सर्वांत अधिक सोसले तिनेच त्याच्यावर हसत हसत आणि मनापासून प्रेम करीत हे सारे लिहून ठेवले. श्रद्धेला याहून कडक साक्षीदार मिळणे अवघड आहे.

दुसरी कसोटी भाषेची आणि संगीताची. त्या वेळी प्रार्थनामंदिरांतून विलायती चालींवर बसवलेली मराठी गीते गायली जात. ज्यांनी ती ऐकली आहेत त्यांना अडचण समजेल. इंग्रजी चालीत आघात ठरलेल्या जागी पडतो. मराठी शब्दाचा डौल ऱ्हस्व-दीर्घावर चालतो. चालीसाठी ऱ्हस्व अक्षर ताणावे लागते, दीर्घ अक्षर गिळावे लागते, आणि शब्दातले हृदय निघून जाते. नगरच्या ख्रिस्ती समाजात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाची पद्धत आधीच सुरू केली होती. टिळकांनी तिला नवे बळ दिले. त्यांनी अभंग लिहिले, पदे लिहिली, भजने बांधली. हाती टाळ-चिपळ्या घेऊन ख्रिस्ताचे कीर्तन करताना त्यांना आपण काही परके गात आहोत असे वाटत नसे. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते उघड सांगत.

हेही लक्षात घेण्यासारखे आहे. धर्म नुकताच बदललेला माणूस पुष्कळदा मागचे सगळे टाकून देतो. पोषाख बदलतो, नाव बदलतो, बोलणे बदलतो. आपण खरोखर बदललो हे लोकांना आणि स्वतःलाही पटवून देण्याची त्याला गरज भासते. टिळकांना ती भासली नाही. ज्ञानेश्वर-तुकारामांवरचे प्रेम त्यांनी लपवले नाही, आणि देशाभिमानही सोडला नाही. मिशनच्या कारभारात गोऱ्यांचे वर्चस्व असावे हे त्यांना मान्य नव्हते. ते त्यांनी मिशनमध्ये राहून, मिशनच्या लोकांना ऐकवून सांगितले. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत छापून तीनशे वर्षांपूर्वी हीच वाट दाखवली होती. मूळचा इंग्रज असलेला तो धर्मोपदेशक मराठीत येऊन ख्रिस्ताविषयी बोलला. टिळकांना तर कोठून यावयाचे नव्हते. ते मराठीतच होते.

१९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या जुन्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले आणि ते त्यांनी अखेरपर्यंत केले. घर नेहमी माणसांनी भरलेले असे. पोरकी मुले, विद्यार्थी, वाट चुकलेले तरुण, सर्वांना तेथे जागा होती. त्यांतच एक त्र्यंबक बापूजी ठोंबरे होते. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाला बालकवी हे नाव मिळाले, आणि पुढे नगरला टिळकांच्या घरी तो मुलासारखा राहिला. टिळकांनी त्याच्या कवितेला माया दिली. तो हिंदूच राहिला. धर्माच्या प्रसारासाठी पगार घेणाऱ्या माणसाच्या घरात एक अनाग्रही, मोकळे वातावरण होते, हे त्या काळच्या पुष्कळ लोकांना चमत्कारिक वाटले असेल. पण ज्याचा आपल्या देवावर भरवसा आहे त्याला घाई नसते.

शेवटची कसोटी १९१७ सालची. टिळकांचे वय तेव्हा पंचावन्न होते. मिशनमध्ये मान होता, ठरलेले वेतन होते, म्हातारपणाची सोय होती. अशा वेळी त्यांनी मिशनची नोकरी सोडली. पगारी धर्मोपदेशकाचे बोलणे आपल्या लोकांच्या काळजाला भिडत नाही. या देशात लोक ऐकतात ते फकिराचे आणि संन्याशाचे, असे त्यांचे मत झाले होते. त्यांनी संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे देवाचा दरबार या नावाने एक बंधुमंडळ सुरू केले. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांना त्यात प्रवेश होता. त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो.

ज्या बाप्तिस्म्यासाठी टिळकांनी १८९५ मध्ये घरदार गमावले, तो नसलेल्यांनाही त्यांनी बावीस वर्षांनी आपल्या शेजारी बसवले. मंडळीतील काही लोकांना हे शिथिलपणाचे वाटले. बाप्तिस्म्याची किंमत न ओळखणारा माणूस असे करील, अशी शंका येणे साहजिक होते. पण ती किंमत टिळकांइतकी कुणी मोजली होती? मला वाटते, त्यांच्या दोन्ही वर्तनांत एकच सूत्र होते. माणूस ख्रिस्ताच्या मागे जातो की नाही, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. १८९५ मध्ये त्याच्या मागे जाण्याचा अर्थ उघडपणे बाप्तिस्मा घेणे असा होता. तो लपवून ठेवणे त्यांना भ्याडपणाचे वाटले असते. १९१७ मध्ये त्याचा अर्थ वेतन सोडणे आणि दाराचा अडसर काढणे असा झाला. दोन्ही वेळा तोटा त्यांचाच होता.

दरबार फार दिवस चालला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली, आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. आदल्याच वर्षी, ५ मे १९१८ रोजी, बालकवी रेल्वेच्या अपघातात गेले होते. टिळकांच्या मागे दरबार विस्कळीत झाला. संस्थेच्या आयुष्यावरून श्रद्धेचे आयुष्य मोजावयाचे असते, तर टिळकांचा हिशेब तोट्यात निघाला असता.

परंतु त्यांची भजने राहिली. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत ती आजही गायली जातात. ज्यांनी टिळकांना पाहिले नाही, त्यांचे वादही ज्यांना ठाऊक नाहीत, अशी माणसे ती दुःखात आणि सणावारी म्हणतात. आणि एक काम अर्धवट राहिले होते. ख्रिस्ताचे चरित्र ओवीत गावे म्हणून १९०९ मध्ये टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले होते. त्याचे थोडे अध्यायच त्यांच्या हातून झाले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. त्या शाळेत गेल्या नव्हत्या. लिहिणे-वाचणे नवऱ्यापाशीच शिकल्या होत्या. संसाराच्या ओढाताणीत, म्हातारपणी, त्यांनी ते महाकाव्य पुरे केले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला.

१८९५ च्या फेब्रुवारीत हीच बाई नवऱ्याने ख्रिस्ताचे नाव घेतले म्हणून जीव नकोसा होऊन रडत होती. नवरा गेल्यानंतर त्याच ख्रिस्ताचे चरित्र ती ओवीमागून ओवी लिहीत बसली. तिला तसे सांगणारे कुणी उरले नव्हते, आणि त्यात मिळवायचेही काही नव्हते. टिळकांची श्रद्धा खरी होती की नाही, हे ज्याला ठरवावयाचे असेल त्याने त्या ओव्यांकडे पाहावे.